घरच्या रंगांना तडे, पोपडे, बुरशी: नागपूरच्या हवेत लेकरांची रंगकामं का बिघडतात आणि काय करायचं

तक्रार दरवेळी जवळपास सारखीच असते. मे महिन्यात मैद्याची खळ केली, हळद कालवली, लेकराने खोक्याच्या पुठ्ठ्यावर मन लावून सूर्य काढला. तासाभरात सूर्याला तडे गेले आणि संध्याकाळपर्यंत त्याचे पोपडे फरशीवर पडले. तीच कृती, तेच माप ऑगस्टमध्ये केलं तर चित्र दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतं आणि आठवड्याभरात पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी दिसते. मग आई-बाबा म्हणतात, घरचे रंग टिकतच नाहीत, विकतचेच आणू.

हळदीचा यात दोष नाही आणि मैद्याचाही नाही. बिघडतं ते पाण्यामुळे. घरच्या रंगात तीन गोष्टी असतात: रंग देणारी पूड किंवा रस, तो धरून ठेवणारी खळ किंवा गोंद, आणि पाणी. पाण्याने हळूहळू, सगळीकडून सारखं निघून जायला हवं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि ती हे पाणी क्षणात ओढून घेते. पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे पाणी जायला जागाच उरत नाही. बाराही महिने एकच माप इथे चालत नाही. २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठीची मापं त्या हिशेबानेच खाली दिली आहेत.

आधी खळ नीट जमली पाहिजे

निम्म्या तक्रारी कच्च्या खळीच्या असतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

संक्रांतीला पतंग चिकटवायला शिजवतात तीच ही खळ, फक्त थोडी सैल. ३ सपाट मोठे चमचे मैदा, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, आणि २०० मिली पाणी. मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर असेल तर २ सपाट चमचे पुरतात, कारण ते जास्त घट्ट होतं. लहान गंजात आधी मैदा घ्या, त्यात पाव वाटी गार पाणी घालून बोटाने गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घाला आणि त्यानंतरच गॅस पेटवा. उकळत्या पाण्यात मैदा टाकला की प्रत्येक गुठळी बाहेरून शिजते आणि आत कोरडी राहते. ती नंतर कितीही घोटली तरी मोडत नाही, आणि चित्र वाळल्यावर पोपडा नेमका तिथूनच सुटतो.

मंद आचेवर सतत हलवत राहा. पहिली तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही, दुधासारखं पांढरं पाणीच दिसतं. मग तळाशी चमच्याला जड लागायला लागतं, आणि पुढच्या मिनिटभरात सगळं चित्र बदलतं: पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी अर्धपारदर्शक होते, मधून एखादा जाड बुडबुडा वर येऊन फुटतो. तेव्हाही लगेच उतरवू नका, आणखी एक मिनिट शिजवा. चमच्याची पाठ खळीत बुडवून त्यावर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर खळ झाली. कडा ओघळून रेघ बुजली तर अजून कच्ची आहे. कच्च्या खळीचा रंग वाळल्यावर पिठासारखा हाताला लागतो, "रंग हाताला येतो" म्हणतात ते यामुळेच.

खळ पूर्ण गार झाल्यावरच रंग घाला. वर साय धरली असेल तर ती काढून टाका, ढवळून आत मिसळू नका.

फ्रिजमध्ये ठेवलेली खळ दुसऱ्या दिवशी घट्ट होते आणि बाजूला पाणी सुटतं. ती खराब झालेली नसते. स्टार्च गार झाल्यावर आकसतो आणि धरलेलं पाणी सोडतो. चमचाभर कोमट पाणी घालून घोटा. मात्र आंबूस वास येत असेल तर फेकाच. उन्हाळ्यात ओट्यावर राहिलेली खळ एका दिवसात आंबते. फ्रिजमध्ये तीन दिवस, त्यापुढे नको.

उन्हाळ्यातले तडे आणि पोपडे

जाड थराची वरची कातडी आधी वाळते. खाली ओलं असतं, ते नंतर वाळताना आकसतं आणि वरच्या कडक कातडीला ओढतं. तडा जातो तो असा. सुकलेल्या तळ्याच्या मातीला भेगा पडतात ना, अगदी तसंच.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र करायचे. पहिला, थर पातळ ठेवा. वर सांगितलेल्या खळीत आणखी ३ ते ४ मोठे चमचे पाणी घाला आणि लेकराला वाटीतून ओतून न देता ताटलीत पसरून द्या, म्हणजे बोटावर एका वेळी थोडाच रंग येतो. दुसरा, रंगाला थोडी लवचीकता द्या. औषधाच्या दुकानात मिळणारं ग्लिसरीन अर्धा चहाचा चमचा, एवढ्या खळीला पुरे. ते ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे थर ठिसूळ होत नाही. बरेच जण यासाठी साखर घालतात. साखरेने काम होतं, पण भिंतीवर लावलेल्या चित्रापर्यंत मुंग्यांची रांगही लागते. तिसरा, पुठ्ठ्याची तहान आधी भागवा. खोक्याचा तपकिरी पुठ्ठा पाणी शोषून घेतो आणि रंग वरच कोरडा पडतो. रंगवण्याआधी ओल्या फडक्याने पुठ्ठा एकदा पुसून घ्या किंवा पातळ खळीचा एक हात मारून वाळू द्या.

चित्र वाळवायला गच्चीवर किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. आतल्या खोलीत, सावलीत, जमिनीवर सपाट ठेवा. मे महिन्यात पातळ थर तसाही पटकन वाळतो.

कूलरचा मुद्दा वेगळा सांगावा लागतो, कारण इथे घरोघरी कूलर आहे आणि मुलं त्याच्यासमोरच बसतात. कूलरच्या झोतात चित्राची एक बाजू आधी वाळते आणि कागद त्या बाजूने वळतो. उलट खोली बंद असेल आणि कूलर चालू असेल तर हवा दमट होते, मग मे महिन्यातही रंग चिकट राहतो. म्हणून रंगवायला कूलरच्या खोलीत बसा, झोताच्या बाजूला. वाळवायला मात्र शेजारच्या खोलीत ठेवा.

पावसाळा: चिकटपणा, बुरशी आणि तान्ह्या पोळ्याचा बैल

पावसाळ्यात वरचे सगळे नियम उलटतात. ग्लिसरीन अजिबात घालू नका, ते हवेतलं पाणी ओढतं आणि चित्र महिनाभर चिकटच राहतं. रंग टिकावा म्हणून काही जण खळीत मीठ घालतात. डबीत ते उपयोगी पडतं, पण कागदावर गेल्यावर हेच मीठ ओल धरतं. म्हणून जून ते सप्टेंबर मीठही नको. त्या दिवशी लागेल तेवढाच रंग करा. १०० मिली पाण्याची खळ दोन मुलांना पुरते.

मैदा हे अन्न आहे, ओल मिळाली की त्यावर बुरशी येणारच. चित्र दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं दोरीवर चिमट्याने टांगा, पंख्याखाली पूर्ण २४ तास ठेवा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत किंवा फाइलमध्ये घालू नका. बुरशी आलेलं चित्र पुसून परत लावू नका. फोटो काढा आणि टाकून द्या. दमा किंवा सर्दीचा त्रास असलेल्या लेकराच्या हातात तर ते मुळीच नको.

श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी किंवा पुठ्ठ्याचा बैल घरी रंगवायचा असेल तर खळ बाजूला ठेवा. ऐन पावसातलं काम आहे, त्याला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद आणि गेरू हीच जोडी हवी. गेरू, पिवळी माती, खडू हे मातीचे रंग आहेत. उन्हाने ते उडत नाहीत, पाण्याने बदलत नाहीत.

गेरूची ढेकळं आदल्या रात्री वाटीभर पाण्यात भिजत घाला. सकाळी ढवळा, दहापर्यंत आकडे मोजा आणि वरचं लाल पाणी दुसऱ्या वाटीत ओता. रेती पहिल्या वाटीत तळाशी राहते. दुसऱ्या वाटीत काही तासांनी जो मऊ गाळ बसतो तोच खरा रंग. वरचं निवळ पाणी काढून टाका. ही पायरी गाळली की बैलाच्या पाठीवर खरखर येते आणि ब्रशच्या रेघा दिसतात. वीतभर बैलाला २ मोठे चमचे गेरूचा गाळ, २ मोठे चमचे गोंद आणि चमचाभर पाणी एवढं पुरतं.

लाकडाला जुनं पॉलिश असेल तर पाण्याचा कोणताही रंग त्यावर थांबत नाही, थेंब थेंब होऊन सरकतो. मोठ्यांनी आधी काचपेपरने चकाकी घालवायची, ओल्या फडक्याने भुकटी पुसायची, मग गोंद आणि पाणी समभाग घेऊन त्यात खडूची पूड कालवून पांढरा अस्तराचा हात द्यायचा. अस्तर एक दिवस, अंगाचा रंग एक दिवस, शिंगं-झूल-डोळे एक दिवस. पोळ्याच्या आदल्या रात्री सुरू केलेला बैल सकाळी ओलाच मिळतो आणि त्याच्यावर लेकराच्या बोटांचे ठसे उठतात. म्हणून चार दिवस आधी बसा. गोंदाचा हा रंग कपड्यावर वाळला तर निघत नाही, त्यामुळे अंगात जुना सदरा हवा. बोटाने रंगवणाऱ्या अगदी लहान मुलांना हा रंग देऊ नका.

रंग लावला एक आणि वाळला दुसराच

ही तक्रार वनस्पतींच्या रंगांची. त्यामागचं कारण कळलं की तिचाच खेळ करता येतो.

*हळद* पाण्यात विरघळत नाही. म्हणून नुसत्या पाण्यात कालवली की तळाशी बसते आणि चित्र ठिपक्याठिपक्यांचं होतं. २ मोठे चमचे खळीला १ चहाचा चमचा हळद घाला, खळ तिला वर धरून ठेवते. उन्हात हळदीचा रंग उडतो, तेव्हा चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका. आणि हळद सोड्याला किंवा साबणाला लागली की लाल होते. कुंकू हळदीपासून होतं तेही याच गुणामुळे. भांड्याला साबण राहिला असेल तर पिवळा रंग कालवतानाच तांबूस होतो. भांडं नीट विसळा, दुसरं काही करायला नको.

याच गुणाचा सगळ्यात सोपा खेळ म्हणजे हळदीचा कागद. वहीच्या पानाला पातळ हळदीचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. पाव वाटी पाण्यात १ चहाचा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा, कानात घालायच्या कापसाच्या काडीने कागदावर लिहा. अक्षरं तांबूस उमटतात. त्यावर लिंबाचा थेंब फिरवला की परत पिवळं. अक्षर उमटत नसेल तर बहुतेक वेळा कागद ओला राहिलेला असतो किंवा सोडा फार कमी पडलेला असतो. सोड्याऐवजी अंगाच्या साबणाचं घट्ट पाणी घेतलं तर लाल जास्त गडद येतो.

*बीट* उलट वागतं. त्याला आंबट आवडतं, सोडा सोसत नाही. किसून फडक्यातून पिळा, शिजवू नका, २ मोठे चमचे रसाला अर्धा चहाचा चमचा लिंबू घाला. गरम खळीत बीट घातलं की गुलाबी रंग विटकरी होतो, हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. सगळं नीट केलं तरी बीटाचा रंग काही दिवसांत फिका आणि तपकिरी पडतोच. बीट त्या दिवसाच्या खेळासाठी वापरावं, फ्रेम करून ठेवायच्या चित्रासाठी नाही.

*पालक* वाटून गाळला की छान हिरवा मिळतो, पण लिंबू किंवा उष्णता लागली की शेवाळी होतो. चिमूटभर सोडा घातला तर हिरवा टिकतो. इथेच एक फसगत होते: हिरवा उजळावा म्हणून सोडा घातलेल्या पालकात हळद मिसळली जाते, सोड्याने हळद लाल होते आणि पोपटी रंगाऐवजी गढूळ तपकिरी चिखल हाती येतो. पोपटी हवा असेल तर पालकात सोडा घालू नका, किंवा गोकर्णाच्या निळ्या फुलांचं पाणी आणि हळद एकत्र करा. गोकर्णाची दहा-बारा फुलं अर्धी वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की निळा निघतो, लिंबाने तो जांभळा होतो.

आणि *पळस*. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात हा रंग फुकट मिळतो, गळून पडलेली फुलं वेचली तरी पुरतात. दोन मुठी पाकळ्या, दोन वाट्या पाणी, दहा मिनिटं उकळा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी गाळून घ्या. कागदावर फिकं पिवळंच दिसतं अशी तक्रार येते, कारण रंगाच्या मानाने पाणी जास्त झालेलं असतं. पाव वाटी उरेपर्यंत आटवा. बीटासारखं याचं उकळण्याने नुकसान होत नाही. चिमूटभर सोडा घातला की केशरी खुलतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे खळ शिजवतानाच साध्या पाण्याऐवजी पळसाचं पाणी घ्यायचं. मग रंग आणि खळ एकजीव होतात आणि वरून पाणी वाढत नाही. चहाच्या कोऱ्या पाण्याचीही अशीच खळ करता येते, झाडाच्या खोडाचा तपकिरी तिच्यातून फार सुंदर येतो.

रंगीत रांगोळी मात्र या कामात आणू नका. दगडाच्या कणांवर वरवर चढवलेला रंग असतो तो. पाणी लागलं की रंग हाताला आणि रेती तळाला.

ठसे पुसट का येतात

भेंडी, बटाटा, कांदा, दोडका, सगळ्यांचा रोग एकच: कापलेल्या तोंडाला पाणी असतं आणि ते रंग पातळ करतं. भेंडीला तर चिकट तार. जून, जाड भेंडी घ्या, देठाकडून तीन बोटं सोडून एका झटक्यात सरळ कापा, करवतीसारखी सुरी फिरवली तर तोंड फाटतं. कापलेला भाग सुती फडक्यावर टेकवून पंधरा मिनिटं उभा ठेवा. फडक्यावर ओला पाचकोनी डाग दिसेल. तो दिसेनासा होईपर्यंत जागा बदलत राहा.

रंगात थेट बुडवू नका. भेंडीच्या पोकळ घरांमध्ये रंग भरतो आणि कागदावर टेकवली की पाचही पाकळ्यांचा एकच गोळा होतो. ताटलीत भांडी घासायचा नवा स्पंज ठेवा, त्यावर घट्ट खळीचा रंग चमच्याने पसरा. ठसा स्पंजवर टेकवायचा, कागदावर टेकवायचा, सरळ वर उचलायचा. लहान मुलं उचलताना फिरवतात, तेव्हा पहिले दोन-तीन ठसे त्यांच्या हातावर हात ठेवून करा. कागदाखाली जुन्या वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या असल्या की ठसा भरून येतो.

संत्र्याच्या हंगामात अर्धं संत्रं कापून ठसा घ्यायचा मोह होतोच. ताज्या संत्र्याने तो जमत नाही: रस सुटतो, फोडी दबतात, आणि सालीतलं तेल कागदावर लागलं की तिथे पाण्याचा रंग धरतच नाही. अर्धं संत्रं पालथं घालून फडक्यावर रात्रभर ठेवा, वरची फोडींची कातडी जरा वाळू द्या, मग हलक्या हाताने टेकवा. हळदीच्या रंगाला आंबट रसाने काही होत नाही, तोच वापरा. साल दाबताना उडणारं तेल डोळ्याला झोंबतं, म्हणून ते काम मोठ्यांनी करावं.

बारीकसारीक

कागद वळतो कारण एकच बाजू ओली होते. वाळल्यावर मागची बाजू ओलसर फडक्याने पुसा आणि दोन वर्तमानपत्रांमध्ये घालून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद वहीच्या पानापेक्षा कमी वळतो.

कॅलेंडरच्या गुळगुळीत पानावर रंग गोळा होतो. मागची बाजू कमी चकचकीत असेल तर ती वापरा, नाहीतर रंगात भांड्याच्या द्रव साबणाचा एक थेंब घाला, फक्त हळदीच्या रंगात नको.

मेणबत्तीने काढून वरून रंग फिरवायच्या चित्रात रेघा दिसत नसतील तर रंग घट्ट आहे. इथे खळ नको, नुसतं पळसाचं किंवा बीटाचं पाणी हवं, आणि मेण जोर देऊन घासलेलं हवं.

नळीने फुंकून रंग पसरवताना लेकरू रंग ओढून घेऊ शकतं. नळीच्या वरच्या भागात टाचणीने एक-दोन भोकं पाडा. फुंकलं तर हवा जाते, ओढलं तर रंग वर चढत नाही.

घरचा रंग आहे म्हणून तो खाऊ नाही, हे मुलांना आधीच सांगा. गहू सोसत नसलेल्या मुलाला मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअरची खळ द्या. खायचा चुना या कामात कुठेच आणू नका, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. बाजारातलं कुंकू आणि होळीचे रंगही नकोत, त्यात काय मिसळलंय ते आपल्याला दिसत नाही.

सदऱ्यावर हळद सांडली तर साबण लावताच डाग लालभडक होतो आणि घरचे घाबरतात. तो साबणाचा परिणाम आहे, भरपूर पाण्याने विसळा, परत पिवळा होईल. मग सदरा उलटा न करता डागाची बाजू वर ठेवून उन्हात वाळत घाला. चित्रावरचा जो रंग उन्हाने उडतो तोच इथेही उडतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दुपारी पुरतात.